घोडा, चाप आणि बोट

कोल्हापुरात बंदुकीबद्दल बोलताना आम्ही सर्रास 'घोडा दाबला' म्हणतो. खरं तर दाबायचा तो चाप, म्हणजे ट्रिगर. घोडा आत असतो, तो सुटतो आणि पिनेवर आदळतो. दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर पहिल्याच आठवड्यात सरांनी हे दोन शब्द माझ्याकडून घोकून घेतले होते. वीस वर्षांनी, अमेरिकेतले कोर्टाचे निकाल वाचताना, तेच दोन शब्द मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी एअर पिस्तूल मारायचे. स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोलला पिस्तूल तपासायला द्यावं लागायचं. नळी सरळ वर करायची, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि टेबलावरून हळूच उचलायचं. वजन अधांतरी झालं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास. एका राज्य स्पर्धेच्या आदल्या रात्री मी कुणाला न विचारता आतला स्क्रू पाव आटा सैल केला होता. सकाळी वजन टेबलावरून उचललं न उचललं तोच 'टक्' झालं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, ट्रिगर हलका केलास की विचार करायला वेळ उरत नाही बघ. शंका आली की हात खाली घ्यायचा. तेवढी जागा ठेव त्याच्यात."

आता मी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थजवळ राहते, यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करते. ग्रीन कार्ड आल्यावर पुन्हा रेंजवर जायला लागले. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने काही वर्षांपूर्वी आपल्या एआर-१५ रायफलसाठी एफआरटी-१५ नावाचा ट्रिगर घेतला होता, ३८० डॉलरला. 'फोर्स्ड रीसेट ट्रिगर'. रेअर ब्रीड ट्रिगर्स नावाच्या कंपनीने तो २०२० च्या डिसेंबरात बाजारात आणला. २०२१ च्या जुलैत एटीएफ या, बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याने कंपनीला कळवलं की ही मशीनगन आहे, विक्री थांबवा. २०२२ च्या मार्चमध्ये सगळ्या परवानाधारक विक्रेत्यांना तशाच अर्थाचं खुलं पत्र गेलं. बेकायदा मशीनगन बाळगल्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत. माझ्या सहकाऱ्याने ट्रिगर काढला, कॉफीच्या डब्यात घातला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

आता आतली गोष्ट. साध्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एका दाबाला एकच गोळी झाडणाऱ्या रायफलमध्ये चाप दाबला की घोडा सुटतो, गोळी जाते, मागे आलेला बोल्ट (गोळीमागचा सरकता धातूचा भाग) घोड्याला पुन्हा खाली दाबतो आणि एक आकडा त्याला तिथेच धरून ठेवतो. बोट सैल केलं की चाप पुढे येतो, मगच दुसरी गोळी शक्य. एफआरटीमध्ये तो धरून ठेवणारा आकडाच नाही. खाली जाणारा घोडा चापाला जोराने पुढे ढकलतो, बोटासकट. बोल्ट जागेवर बसेपर्यंत एक अडसर चाप रोखून धरतो. अडसर सुटला की बोटाचा दाब चालू असल्याने चाप पुन्हा मागे जातो. म्हणजे प्रत्येक गोळीला चाप खरोखर पुढे-मागे होतो. माणसाने मात्र एकदाच दाबलेलं असतं.

कायदा १९३४ चा आहे. त्यात मशीनगनची व्याख्या अशी: पुन्हा हाताने न भरता, ट्रिगरच्या 'एकाच फंक्शन'ने एकाहून अधिक गोळ्या आपोआप झाडणारं शस्त्र. मी हे वाक्य मराठीत आणायला बसले आणि तिथेच अडकले. फंक्शन म्हणजे काय म्हणू? 'हालचाल' म्हटलं तर कंपनी जिंकते, कारण चाप दर वेळी हलतो. 'वापर' म्हटलं तर सरकार जिंकतं, कारण बोटाने चाप एकदाच वापरला. शब्द निवडला की निकाल लागलाच. आणि नेमकं हेच अमेरिकेतल्या न्यायाधीशांचं झालं आहे.

१ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासमध्ये एकाने हॉटेलच्या खिडकीतून संगीताच्या कार्यक्रमावर सुमारे दहा मिनिटांत हजाराहून जास्त गोळ्या झाडल्या. अठ्ठावन्न माणसं गेली, पुढे आकडा साठ झाला. त्याच्या रायफलींना बंप स्टॉक होते, म्हणजे धक्क्याने रायफल पुढे-मागे सरकू देऊन भराभर गोळ्या झाडू देणारे दस्ते. एटीएफने पूर्वी हे स्टॉक मशीनगन नाहीत असं सांगितलं होतं. २०१८ च्या डिसेंबरात ट्रम्प सरकारच्याच काळात तो अर्थ फिरवून बंदी आणली. ऑस्टिनच्या मायकेल कारगिल या बंदूकविक्रेत्याने आपले दोन स्टॉक जमा केले आणि दावा लावला. १४ जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी बंदी उडवली. न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालपत्रात ट्रिगरच्या भागांची चित्रं आहेत. ती मी एका रविवारी दुपारी वहीत काढून पाहिली. यंत्र म्हणून त्यांचं वर्णन बरोबर आहे, त्यात चूक दाखवता येणार नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात म्हटलं की जे बदकासारखं चालतं, पोहतं आणि ओरडतं त्याला मी बदकच म्हणते. मला त्यांचंही पटतं, कारण साठ कुटुंबांना आत चाप किती वेळा हलला याने काय फरक पडणार आहे?

एफआरटीच्या बाबतीत दोन कोर्टांनी उलटसुलट सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायाधीश नीना मॉरिसन यांनी विक्रीला मनाई केली. जुलै २०२४ मध्ये आमच्या फोर्ट वर्थचे न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी कारगिलच्या निकालाच्या आधारे हा ट्रिगर मशीनगन नाही असं ठरवलं. यात एक मुद्दा केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा होता. एटीएफच्या चाचणीत अशी पट्टी चापाला आवळली, तर रायफल एकामागून एक गोळ्या झाडत राहिली. सरकार म्हणालं, बघा, बोट नसतानाही चालते. पण ती पट्टी ताणली जाते आणि आखडते. चाप पुढे आला की ती लांबते, मग त्याला पुन्हा ओढते. ताठ तारेने बांधला तर चापाला पुढे यायला वावच नाही. या पुराव्यावर मी तरी विसंबले नसते.

१६ मे २०२५ ला ट्रम्प यांच्या नव्या सरकारने कंपनीशी तडजोड केली. जप्त केलेले ट्रिगर परत द्यायचे, कंपनीने पिस्तुलांसाठी असे ट्रिगर बनवायचे नाहीत. एटीएफच्याच अंदाजाने देशात असे किमान एक लाख ट्रिगर आहेत. जूनमध्ये अनेक राज्यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, त्याविरुद्ध कोर्टात गेले.

त्या उन्हाळ्यात कॉफीचा डबा खाली आला. सहकाऱ्याने मला रेंजवर बोलावलं आणि रायफल हातात दिली. मी दाबलं. चापाने माझ्या बोटाला उलटा धक्का दिला, पुन्हा, पुन्हा, दातातल्या ड्रिलसारखा थरार बोटाच्या पेरातून कोपरापर्यंत आला. तीस गोळ्या दोन-तीन सेकंदांत संपल्या. सरांची ती जागा मी शोधत होते. बोट काढलं की रायफल थांबते, हे खरं. पण काढायचं मनात येईपर्यंत आठ-दहा गोळ्या गेलेल्या असतात.

म्हणून माझं मत असं झालं आहे की ओकॉनर यांचं वाचन बरोबर आहे आणि कायदा चुकीचा आहे. खात्याने पत्रं पाठवून शब्दाचा अर्थ फिरवायचा आणि काल दुकानातून रीतसर विकत घेणाऱ्याला आज गुन्हेगार ठरवायचं, हे मला मान्य नाही. न्यायमूर्ती अलिटो यांनी कारगिलच्या निकालातच लिहिलं होतं की काँग्रेस, म्हणजे इथली संसद, कायदा दुरुस्त करू शकते. ते तिने करावं. चापाच्या हालचाली मोजणं सोडून माणूस प्रत्येक गोळीचा निर्णय घेतो का, हे विचारावं. ते मोजता येतं. पाचशे ग्रॅमच्या वजनाने आम्ही रोज मोजत होतो.

गेल्या महिन्यात सहकाऱ्याचा मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि बापाबरोबर रेंजवर जायचं म्हणू लागला. सहकाऱ्याने मला घरी बोलावलं, रायफल रिकामी करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, रायफलचा मूळचा साधा ट्रिगर परत बसवू या. दोन पिना निघाल्या, दोन पिना बसल्या. मग मी अंगठ्याने घोडा सांभाळत चाप दाबला, घोडा हाताने परत खाली नेला आणि बोट तसंच दाबून ठेवलं. काहीच झालं नाही. मुलगा वाकून बघत होता. मी बोट सैल केलं, तेव्हा 'टक्' झालं.