आदोळीची झीज

ओहायोत राहून गेली सहा वर्षं मी कापडाची चित्रं शिवते आहे, पण यंदाचं क्विल्ट जमलं ते गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरी, पावसाळ्याच्या सुट्टीत. फोटो पाहून तुम्ही बऱ्याच जणींनी विचारलंत, हे नेमकं कशाचं चित्र? आमच्या आदोळीचं, म्हणजे नारळ खवायचे दाते असलेल्या विळीचं.

पहिल्या दिवशी मी ती दिसते तशीच काढली: पाट, पातं, खवणीचे दाते, शेजारी नारळाची कवड. भिंतीवर लावून लांबून पाहिलं, तर कॅलेंडरवरचं चित्र! फाडून टाकलं.

मग मिठाईच्या खोक्याचे काटकोनात दोन तुकडे कापले. ते एकमेकांवर सरकवले की हवी तेवढी चौकट होते. त्या चौकटीतून आदोळी तुकड्या-तुकड्याने बघत बसले. दाते फार देखणे, पण ते दिसले की लगेच नारळच आठवतो. चौकट खाली आणली तेव्हा पात्याच्या धारेत मधोमध एक खोलगट जागा दिसली. आई समोर वाल सोलत होती. म्हणाली, "तिथंच भाजी धरतात ना गो. धार लावून लावून लोखंड गेलं. तुझ्या आजीच्या वेळी सरळ होतं ते."

चाळीस वर्षं ती आदोळी माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि ही झीज मी कधी पाहिली नव्हती. मग दुसरं काही काढावंसं वाटेना. ती एक वाकलेली रेघ आणि तिच्या अलीकडची रिकामी जागा, बस्स.

रेघ वाढवून चार फुटांची केली. रिकाम्या जागेला आजीच्या लुगड्याचा विटका लाल, लोखंडाला बाबांच्या जुन्या पँटचा करडा. फोनवर काळा-पांढरा फोटो काढला, तर दोन्ही एकच दिसायला लागले! रंग वेगळे, पण गडदपणा सारखा. म्हणून मधून धोतराची अर्ध्या बोटाची पांढरी पट्टी घातली आणि धार उठून आली. अशा वळणाची शिवण त्रास देते. पाव इंचाच्या शिवणीत आतल्या बाजूला वळणाऱ्या कापडाला बारीक काप द्यावे लागतात, नाहीतर ते फुगतं. मी तीनदा उसवलं.

"भिंतीवर गोधडी कोण लावतं?" आईने विचारलं. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर मांडल्या होत्या, ते तिला सांगितलं. तिला जास्त आवडली ती कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकन, बायकांची गोधडी, कवंदी. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यातच उतरवलेले. त्या बायका कडेपासून सुरुवात करतात आणि धावदोऱ्याच्या फेऱ्या घालत मध्यापर्यंत येतात.

आम्हीही तसंच केलं. कडेला टाके विरळ, आत येताना जवळजवळ. झिजेवरचे टाके मात्र मी आईला घालायला लावले, तिचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे. दाट टाक्यांखाली आतला कापूस दबतो. डोळे मिटून क्विल्टवर हात फिरवला, तर नेमक्या त्या जागी बोटं खाली जातात.