अण्णांची शिट्टी: लातूर ते परळ

तीन वर्षं अण्णा दम्याचा पंप ओढत होते. मध्ये एकाने एक्स-रे बघून, थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्याही लिहून दिल्या. शेवटी गावातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावली नि म्हणाल्या, "शिट्टी डावीकडंच वाजतेय. दमा असता तर दोन्हीकडं वाजली असती." सीटी स्कॅनमध्ये डाव्या मुख्य श्वासनलिकेत दीड सेंटीमीटरची गाठ निघाली, आत चरबी. चरबी म्हणजे बहुधा साधी गाठ, पण तुकडा तपासल्याशिवाय कोण शब्द देणार?

रात्रीच्या गाडीने सकाळी दादर, तिथून टॅक्सीने परळच्या हॉस्पिटलात. फिल्म बघून डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "सीडी कुठंय?" स्कॅनची सीडी लातूरला, टीव्हीच्या कपाटात. एक दिवस गेला. तुम्ही सीडी पिशवीत आधी टाका. रेशनकार्ड, आधार मूळ प्रती घ्या आणि सरकारच्या महात्मा फुले योजनेत काही बसतं का, ते भरती होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या माणसाला, विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, मनाने बंद करू नका.

श्वासनलिकेत घालायची दुर्बीण दोन प्रकारची. वाकणारी जास्त करून बघायला, तुकडा घ्यायला. अण्णांना पूर्ण भूल देऊन लोखंडी नळीसारखी ताठ दुर्बीण घातली, कारण रक्त आलं तरी तिच्यातून श्वास चालू ठेवता येतो. ती दातांवरून जाते. त्यामुळे भूलतज्ज्ञ आधी दात हलवून बघतात. अण्णांची कवळी मी चटणीच्या डब्यात ठेवली, ती नंतर दोन दिवस लसणाची लागत होती म्हणे.

तारेचा फास गाठीच्या देठाला घालून विजेने कापली. त्या वेळी ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर नळीत आग लागू शकते. हे ऐकल्यावर मी बाहेर जाऊन चहा घेतला. अण्णांना मात्र घसा बधिर असल्याने दोन तास पाण्याचा थेंबही नाही, ठसक्याची भीती.

गाठ बाटलीत दाखवली: शेंगदाण्याएवढी, पिवळट, गुळगुळीत. पॅथॉलॉजीला ती फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रवात, जाते. टीबीचीही तपासणी हवी असेल तर दुसरा तुकडा सलाईनमध्ये, हे आधीच विचारून ठेवा, फॉर्मालिनमध्ये जंतू वाढत नाहीत.

रिपोर्ट आठवड्याने आला: हॅमार्टोमा, म्हणजे साधी गाठ. कॅन्सर नाही. परतीचं तिकीट मी आधीच काढलं होतं, ते या आठवड्यापायी रद्द करावं लागलं.