कोडीची खातेवही आणि विंचेस्टरची नळी

मोंटानातल्या बिलिंग्जहून वायोमिंगमधलं कोडी गाडीने दोन तासांवर. यलोस्टोनला निघालेली मंडळी इथे एक रात्र टेकतात आणि सकाळी ८५ किलोमीटरवरच्या पूर्व दरवाजाकडे पळतात. आम्ही मात्र शेरिडन अव्हेन्यूवरच्या बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टसाठीच आलो होतो. एका छपराखाली पाच संग्रहालयं, तिकीट सलग दोन दिवस चालतं. बंदुकांसाठी यायचं असेल तर बाकीची चार दुसऱ्या दिवसावर ढकला आणि आधी कोडी फायरआर्म्स म्युझियम गाठा.

न्यू हेवनच्या विंचेस्टर या बंदूक कारखान्याचा स्वतःचा संग्रह १९७०च्या दशकात इथे आला. काचेआडच्या कोरीव, सोन्याचा मुलामा दिलेल्या रायफलींपुढे गर्दी असते. जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन (चापाखालची दांडी ओढून गोळी भरायच्या) रायफली जमवणाऱ्याचं खरं देवस्थान मात्र रायफलींच्या नोंदींच्या, कारखान्याच्या हस्तलिखित खातेवह्या. कारण खास ऑर्डरची रायफल म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शिवलेला कपडा. कॅटलॉगमधली १८९४ मॉडेलची रायफल २६ इंच नळीची, साध्या चापाची. वर पैसे मोजले की लांब किंवा आखूड नळी, अर्धी अष्टकोनी-अर्धी गोल नळी, सेट ट्रिगर (अगदी हलक्या दाबाने सुटणारा चाप), जाळीदार कोरलेला उंची अक्रोडाचा दस्ता, अर्धं मॅगझिन (नळीखालची गोळ्यांची नळी आखूड), टेकडाउन (नळी सुटी करता येणारी रचना), काय हवं ते मिळे. तीन-चार गोष्टी एकत्र आल्या की किंमत कित्येक पट होते, आणि नकलाही तिथेच निपजतात.

रायफलीचा नंबर दिला की ठरावीक फी घेऊन संग्रहालयाकडून खात्यातल्या नोंदीचं पत्र मिळतं. पण खाती अपुरी आहेत: १८९४ मॉडेलची ३,५३,९९९ नंबरपर्यंत, १८९२ची ३,७९,९९९पर्यंत, १८९५ची ५९,९९९पर्यंत. पत्रात प्रकार, कॅलिबर, नळीचा आकार, चाप, गोदामात आल्याची आणि बाहेर पडल्याची तारीख, ऑर्डर नंबर असतो. गिऱ्हाइकाचं नाव सहसा नसतं, त्यामुळे 'अमक्या शेरीफची रायफल' ही विक्रेत्याची कथा पत्राने सिद्ध होईल अशी आशा धरू नये. दुरुस्तीसाठी परत आल्याची नोंद असेल तर ती आधी वाचा. बदललेली नळी कारखान्यानेच बसवली असण्याची शक्यता तिथे कळते.

आमचा आग्रह: आधी लोखंड वाचावं, मग कागद. पत्र खरं आणि रायफल बनावट, हे अगदी शक्य आहे. साध्या रायफलीवर कोणी खास भाग चढवले तर पत्र ते उघडं पाडतं, पण पत्रातलं वर्णन बघूनच रायफल 'दुरुस्त' केली असेल तर पत्राचा काही उपयोग नाही.

अर्धं मॅगझिन असेल तर रायफल उलटी करून तोंडाजवळ नळीच्या पोटाखाली बघा. पूर्ण मॅगझिनची कडी बसायची आडवी खाच तिथे दिसली, किंवा ती भरून घासल्याची सावली दिसली, तर मॅगझिन नंतर कापलेलं आहे. आखूड नळीचीही अशीच परीक्षा: अष्टकोनी नळी तोंडाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे कापलेल्या नळीचं तोंड जाड राहतं. लांबी बाहेरून मोजू नका. रायफल रिकामी आहे हे स्वतः बघून, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बंद करून, तोंडातून लाकडी काठी आत टेकवून मोजा.

दस्ता अस्सल का, ते दस्ता आणि त्याच्या टोकाची बटप्लेट काढल्यावर कळतं. खास रायफलींवर जुळणी क्रमांक (कारखान्यात भाग जुळवताना दिलेला) दस्त्यात शिरणाऱ्या टँगच्या पट्टीवर, लाकडाच्या खाचेत आणि बटप्लेटच्या आतल्या अंगाला ठोकलेला सापडतो. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. पण मालकाच्या परवानगीशिवाय स्क्रूला हात लावू नये. जाड पात्याच्या साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच उचकटली की ती जखम कायमची.

नळीवरचा शिक्काही बोलतो. अंडाकृतीतला 'डब्ल्यूपी' १९०५पासूनचा. १८९६च्या रायफलीच्या नळीवर तो दिसला तर नळी नंतरची असण्याची शक्यता आहे. अंडाकृतीत नुसता 'पी' असेल तर नळी सुटा भाग म्हणून विकली गेली होती.

टेकडाउनमध्ये नळी आणि रिसीव्हर (रायफलीचा मधला धातूचा सांगाडा) यांच्या सांध्यात कागद सरकला किंवा सांधा हलला तर झीज आहे. तिथले बारीक स्क्रू फिरवून ढिलाई काढता येते, पण स्क्रू आधीच टोकाला गेलेले असतील तर भाव पाडून मागा.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १८९८पर्यंत बनलेली रायफल 'अँटिक' धरली जाते. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. १६ इंचांहून आखूड नळीची कार्बाइन दिसली तर कागद बघितल्याशिवाय सौदा करू नये.

यायचं ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात यलोस्टोनचा पूर्व रस्ता बंद असतो, आणि विंचेस्टर जमवणाऱ्यांचा मेळावाही उन्हाळ्यातच भरतो. खिशात टॉर्च, टेप आणि काठी ठेवा. मेळाव्यात मेजावरची रायफल विचारून उचला, बोटं लाकडावर ठेवा, ब्लूइंगवर (पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर) नको, आणि रिकाम्या चेंबरवर घोडा पाडू नका.