एवढंसं सील, अख्खा रविवार

रोज सकाळी गाडीखाली तेलाचा एक नवा डाग. दोन महिने खाली पुठ्ठा सरकवून मी त्याकडे काणाडोळा करत होतो. आज शेवटी धीर केला आणि माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील स्वतःच बदललं.

सील म्हणजे तेल अडवणारी रबराची साधी रिंग. पण तिथवर पोचायला प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. नुसत्या जॅकवर विसंबू नका, भक्कम स्टँड लावा. गिअरबॉक्स ही काही छातीवर झेलायची वस्तू नाही.

खरी कसोटी जुनं सील काढताना. स्क्रूड्रायव्हर घसरून क्रँकशाफ्टवर ओरखडा उठला, तर नवं सीलही गळणारच. म्हणून टोकाला टेप गुंडाळून, श्वास रोखून, हळूहळू उचकटलं. शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने (शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेने) बारीक चर पाडला होता, म्हणून नवं सील मिलिमीटरभर अलीकडे बसवलं. सीलमधल्या स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, ओठाला तेलाचा हात, आणि चहूबाजूंनी सारखं, हलकं ठोकत. (टेफ्लॉनचं असतं तर कोरडंच बसवावं लागलं असतं.)

सहज पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटात साचणाऱ्या वायूंना वाट देणारी झडप) तपासला, तर चक्क चोंदलेला! क्रँककेसमधल्या, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतल्या, दाबाला वाट मिळाली नाही की तो तेलाला सीलमधूनच बाहेर ढकलतो. बिचाऱ्या सीलला उगाच शिव्या घातल्या.

रात्री अर्धा तास इंजिन चालवलं. पुठ्ठा अजून कोरडा आहे. दहाचा पाना तेवढा सापडत नाहीये. क्लचच्या घरात राहिला नसला म्हणजे मिळवली.