१०१ ग्रॅम

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं. शाळेविषयी लिहायला बसलो आणि लेखणी सरांपाशीच थांबली. विज्ञानाचे सर म्हटलं की आमच्या काळातल्या कुणालाही नाव सांगावं लागत नाही.

सप्टेंबर १९७० मध्ये रशियाचं ‘लूना-१६’ चंद्रावरची माती घेऊन कझाकस्तानात उतरलं. परिपाठात बातमी वाचली गेली. पुढे मातीचं वजन कळलं, १०१ ग्रॅम. वर्गात कुणीतरी म्हणालं, “अमेरिकेनं तर किलोंनी दगड आणले, ही कसली चिमूट!” सर रागावले नाहीत. आम्हाला प्रयोगशाळेत नेलं, मैदानावरची माती मागवली, काचेच्या पेटीतला तराजू उघडला आणि चिमट्यानं एकेक पितळी वजन ठेवत बरोबर तेवढी माती तोलली. ओंजळही भरली नाही. मग फळ्यावर यान काढलं. ते रात्रीच्या अंधारात उतरलं. गिरमिटानं सुमारे ३५ सेंटिमीटर खोल छिद्र पाडलं, माती कुपीत बंद केली, आणि खालचा भाग तिथेच सोडून वरचा भाग थेट पृथ्वीकडे निघाला. “काही अडलं तर हात लावायला तिथे कुणी नव्हतं,” सर म्हणाले. “सगळा विचार निघण्यापूर्वीच करून ठेवलेला.”

त्या तासामुळे मी भूशास्त्राकडे वळलो आणि पुढे आयुष्यभर बेसॉल्टच, म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा थंड होऊन बनलेला काळा खडकच शिकवला. आपल्या मैदानाची काळी माती ज्या जातीच्या खडकाची, त्याच जातीच्या खडकाचा चुरा लूनानं आणला होता, हे मला खूप उशिरा उमगलं. तोवर सर गेले होते. २०२० मध्ये चीनच्या ‘छांग-अ ५’नं १,७३१ ग्रॅम नमुने आणले. त्यातला बेसॉल्ट सुमारे २ अब्ज वर्षांचा निघाला. म्हणजे चंद्रावरचे ज्वालामुखी आपण समजत होतो त्याहून कितीतरी उशिरापर्यंत धगधगत होते! २०२४ मध्ये ‘छांग-अ ६’नं तर चंद्राच्या पलीकडच्या बाजूची माती आणली. सरांनी यावर आठवडाभर तास घेतले असते.

मागच्या वर्षी शाळेत आलो, तेव्हा तो तराजू कपाटावर धूळ खात होता. फार वाईट वाटलं.

आता आपल्या ‘चांद्रयान-४’ला मंजुरी मिळाली आहे. दोन रॉकेटांनी भाग पाठवून ते अवकाशात जोडायचे, आणि चंद्रावरून माती घेऊन वर आलेला भाग पुन्हा चंद्राच्या कक्षेत जोडायचा. नववी-दहावीच्या मुलांना हे समजावून द्यायला मी दर शनिवारी यायला तयार आहे. मुख्याध्यापकांनी फक्त तास सांगावा.