वरातीची घोडी सोडवताना

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर फिरवल्या जाणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. गाड्या गेल्या, पण सगळे घोडे काही गेले नाहीत. भायखळ्याला आमच्या बिल्डिंगमागच्या तबेल्यातले काही वरातीला लागले. त्यातलीच ही पांढरी घोडी.

ती पुढच्या उजव्या पायाने लंगडायची. दुखरा पाय टेकला की मान झटकन वर, चांगला टेकला की खाली. अशा अवस्थेत रात्री डीजेच्या भिंतीमागून चालायचं, वर नवरदेव!

पोलिसांकडे गेले. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० चा. लंगड्या जनावराला कामाला जुंपणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा, पण अदखलपात्र. त्यामुळे एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतली. कोर्टाने सांगितल्याशिवाय तपास नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हवालदार म्हणाले, "मॅडम, जप्त केली तर बांधू कुठे?" प्रश्न रास्तच होता.

मग भांडण सोडून सरळ मालकाकडे गेले. "चाचा, पाय दाखवून आणू, खर्च मी बघते." लगीनसराई संपत आली होती, तयार झाले. परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी खूर उचलून आकड्याने साफ केला तर तळव्याच्या मऊ त्रिकोणातून काळी, कुजकी घाण निघाली. वास असा की चाचांनीही तोंड फिरवलं. मुतात भिजलेल्या जमिनीवर दिवसरात्र उभं राहिल्याने खूर सडला होता, त्यात वाढलेल्या खुरावर जुनीच नाल. रोज खूर साफ करून औषध, कोरडी जागा आणि बरी होईपर्यंत कामाला सुट्टी, हाच उपाय. डॉक्टरांकडून लेखी घेतलं: कोणता पाय, काय झालंय, आणि 'कामास अयोग्य'.

अशा कामात कुणाला पडायचं असेल तर हा कागद आधी मिळवा. फोटो, व्हिडिओ नंतर. तो हातात आल्यावर चाचांचा सूर बदलला. आता घोडी वरातीला काढली तर 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नव्हतं. पण त्यांचंही खोटं नव्हतं. व्हिक्टोरियाचा परवाना दुसऱ्याच्या नावावर, हे नुसते चालक. गाड्या बंद झाल्याच्या भरपाईच्या यादीत नाव नाही. "बसवून खिलवू कशी, ताई?" चणे, कोंडा, गवत, सगळंच महाग. शेवटी त्यांनी स्टॅम्प पेपरवर घोडी शहराबाहेरच्या एका आश्रयस्थानाला लिहून दिली. केस लढवली असती तर ती निकालापर्यंत 'मुद्देमाल' म्हणून अडकली असती.

आश्रयस्थानाने आधी ग्लँडर्सची रक्ततपासणी मागितली. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्याने मारावाच लागतो. पक्की शहानिशा हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रिपोर्ट येईपर्यंत माझाच जीव टांगणीला. आला तो निगेटिव्ह, आणि घोडी टेम्पोत चढली.

तिच्या जागी आता तबेल्यात एक तपकिरी शिंगरू बांधलंय. शहरात घोडे ठेवायला महापालिकेचा परवाना लागतो. या तबेल्याकडे तो आहे का, हे माहिती अधिकारात विचारलंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर अपिलात जाईन.