जाहिरात घ्यावी, पण निवडून

स्वतःच्या संकेतस्थळावरच्या स्वतंत्र लेखनाचा खर्च जाहिरातीतून काढायचा असेल, तर जाहिरातीची जागा एकच ठेवा आणि ती महिन्याच्या ठरलेल्या दराने विका. जाहिरात दर हजार वेळा दिसण्यामागे पैसे घेण्याची पद्धत वाचक थोडे असताना परवडत नाही.

३०० बाय २५० पिक्सेलचं चित्र पुरतं. ते स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवा. जाहिरात कंपनीची स्क्रिप्ट (तिचा तयार कोड) लावली की पान जड होतं, वाचकावर पाळत बसते, शिवाय कोणती जाहिरात दिसेल हे आपल्या हातात राहत नाही. कोडमध्ये चित्राची रुंदी-उंची लिहा, नाहीतर ते उशिरा उतरतं आणि वाचता वाचता मजकूर खाली सरकतो. लिंकच्या कोडमधल्या ‘रेल’ (rel) या गुणधर्मात ‘स्पॉन्सर्ड’ (sponsored) लिहायला विसरू नका. पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी गूगलने २०१९ मध्ये ही खूण आणली.

खरी कटकट प्रायोजकत्वात असते. ‘छापण्याआधी लेख दाखवा’ ही मागणी हमखास येते, आणि गोड शब्दांत येते! म्हणून मुदत, आगाऊ रक्कम आणि मजकुरावर प्रायोजकाचा हक्क नाही हे कलम आधीच लेखी घ्या. ‘प्रायोजित’ हा शब्द शीर्षकाजवळच हवा, तळाशी बारीक अक्षरांत नको. ज्या वस्तूंचं परीक्षण आपण करतो, त्यांच्या उत्पादकाला सरळ नाही म्हणा.